फ्रान्सच्या खेड्यातल्या पायवाटा नुसत्या हौसेवर टिकलेल्या नाहीत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत फ्रान्सच्या खेड्यांवर लेख होता, फोटो फारच सुंदर होते, पण त्यात एक वाक्य होतं की तिथल्या लोकांना निसर्गाची ओढ असल्यामुळे गावोगाव चालायच्या वाटा आहेत. हे काही पटलं नाही म्हणून लिहायला बसलो. ओढ काय आपल्याला कमी आहे का, पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडच्या पायथ्याला जाऊन गाडी लावायला जागा मिळते का बघा. नुसत्या ओढीने वाट टिकत नाही हो. मी आयुष्यभर भूमी अभिलेखमध्ये जमिनी मोजल्या, त्यामुळे कुठेही गेलो की डोक्यात पहिला प्रश्न येतो तो म्हणजे ही जागा कोणाची. मुलगी आणि जावई तुलूझला असतात, विमानांच्या कामात, आणि आम्ही दोघं उन्हाळ्यात त्यांच्याकडे येऊन राहतो, तर हा प्रश्न मी इथे भेटेल त्याला विचारलाय, जावईबापू बिचारे भाषांतर करून करून कंटाळले.

एकाच गावाचं सांगतो म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही. गावाचं नाव सँ सिर लापोपी. तुलूझच्या उत्तरेला काओर म्हणून शहर आहे, तिथून पूर्वेला नदीच्या कडेकडेने गाडीने अर्धा पाऊण तास. नदीचं नाव लॉत, जिल्ह्याचंही तेच. गाव नदीपासून शंभरेक मीटर वर, सरळ कड्यावर बसलंय, उतरत्या कौलांची दगडी घरं, तेरा इमारती ऐतिहासिक वास्तू म्हणून नोंदलेल्या आणि कायमची वस्ती दोनशेच्या आसपास. पूर्वी इथे लाकूड कातणारे कारागीर होते, बॉक्सवूडच्या लाकडापासून दारूच्या पिंपांना लावायच्या तोट्या बनवायचे. कवी आंद्रे ब्रेतों १९५० मध्ये इथे आला आणि असा प्रेमात पडला की घरच घेतलं. पुढे २०१२ मध्ये टीव्हीवरच्या स्पर्धेत फ्रेंच लोकांनी याला सगळ्यात आवडतं गाव म्हणून निवडलं, तेव्हापासून जुलै-ऑगस्टमध्ये गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. टूरवाले आलेच तर इथे दोन तास थांबतात, आइस्क्रीम, फोटो, चला बसमध्ये. गावाबाहेर पाच मिनिटं चाललं की चिटपाखरू नसतं ते कोणी सांगतच नाही.

खाली नदीला बूझिएस नावाचं छोटं गाव आहे, तिथून सँ सिरला पायी यायची वाट म्हणजे नाव (होडी) ओढायची वाट. काओरची वाइन नावेने पार बोर्दोपर्यंत जायची, आणि परत येताना प्रवाहाच्या उलट नाव आणायची तर काठावरून दोराने ओढावी लागायची, कधी माणसं ओढायची कधी घोडे. गानील नावाच्या जागी कडा सरळ पाण्यात उतरतो, काठच नाही, मग १८४० च्या दशकात तो कडा आडवा कोरून काढला आणि त्यातून वाट नेली. तुम्ही चालत असता तेव्हा एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला खडक, आणि डोक्यावरही खडकच. पुढे भिंतीवर दानिएल मोनिए या शिल्पकाराने मासे, शिंपले वगैरे कोरलेत, बरेच लोक ते प्राचीन समजून फोटो काढतात, आहे ते आपल्या काळातलं. एवढा खटाटोप करून कोरलेली ही वाट फार वर्षं कामाला आलीच नाही, १८८६ मध्ये खोऱ्यात रेल्वे आली आणि नावांचा धंदा बसला, १९२६ मध्ये तर लॉत नदी जलवाहतुकीच्या यादीतूनच काढली. आता गंमत अशी की ती रेल्वेही चालत नाही, आणि वाटेवर मात्र माणसं आहेत!

या वाटेवर मी जावईबापूंना विचारलं की नदीकाठच्या शेतवाल्याने उद्या तार मारली तर? तर त्यांनी शोधून सांगितलं की सरकारी मालकीच्या नदीच्या काठाला शेतमालकाने ३.२५ मीटरचा पट्टा मोकळा ठेवायचा असा कायदाच आहे, त्यावर पायी चालणाऱ्याचा हक्क, आणि नाव ओढायची वाट असेल तिथे ७.८० मीटर. जमीन मालकाचीच राहते पण कुंपण नाही, झाडं नाही, काही नाही. तीन मीटर पंचवीस! आकडा ऐकून मला इतका आनंद झाला की आमच्या सौ. म्हणाल्या लॉटरी लागल्यासारखं काय करताय. पण ज्याने आयुष्यभर साखळी ओढलीये त्याला कळेल, सेंटिमीटरमध्ये लिहिलेल्या हक्कावर भांडता येतं, "निसर्गाची ओढ" यावर भांडता येत नाही.

बरं ही झाली नदीकाठची. वर पठारावर गोष्ट वेगळी आहे. वरच्या पठाराला इथले लोक कॉस म्हणतात, सगळा चुनखडीचा मुलूख, पाऊस पडला की पाणी थेट खाली जिरतं, वर ओढा नाही की नाला नाही, बुटके ओक, ज्युनिपर, आणि दगड, दगड, दगड. शेतातून वेचलेल्या दगडांच्या चुना-मातीशिवाय रचलेल्या भिंती मैलोन् मैल आणि दोन भिंतींच्या मधून वाट. मधेमधे दगडाच्याच गोल छपराच्या खोपी आहेत, मेंढपाळाला पावसात शिरायला. इथली मेंढी पण बघण्यासारखी, पांढरी, आणि डोळ्यांभोवती काळे चट्टे, गॉगल घातल्यासारख्या दिसतात सगळ्या. हा सगळा भाग १९९९ पासून कॉस द्यु केर्सी नावाचं प्रादेशिक उद्यान आहे आणि २०१७ पासून युनेस्कोचं जिओपार्क.

एकेकाळी या पठारावर द्राक्षमळे होते. १८७० च्या सुमाराला फिलॉक्सेरा नावाच्या किडीने मुळं खाल्ली, मळे गेले, मागोमाग माणसं गेली शहरात, मग पहिल्या महायुद्धात पोरं गेली. शेत कसणारं कोणी नाही म्हटल्यावर त्या शेताकडे जाणारी वाट कोण चालणार, झुडपांनी गिळली. म्हणजे बघा, निसर्गाने वाटा टिकवल्या नाहीत, बुजवल्या. हे आपल्या लेखकांनी लक्षात घ्यायला हवं होतं.

मग टिकल्या कशा? तर पहिलं म्हणजे कागद. नेपोलियनने १८०७ मध्ये सगळ्या देशाची गावनिहाय मोजणी लावून दिली, त्या नकाशांत प्रत्येक गावाच्या वाटा आहेत, आणि जुने नकाशे जिल्ह्याच्या अभिलेखागाराने स्कॅन करून लोकांना बघायला ठेवलेत. सध्याचा नकाशाही इंटरनेटवर फुकट दिसतो, फक्त मालकाचं नाव दिसत नाही. मी मुलीच्या लॅपटॉपवर सँ सिरच्या आसपासचा भाग तासन् तास बघत बसतो, गट नंबर, गट नंबर, आणि मधून एक पट्टी जाते जिला नंबरच नाही. ती वाट. या गावच्या वाटांचा दर्जा मोठा विचित्र आहे बरं का, मालकी गावाची म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, पण सार्वजनिक रस्त्यासारखं पक्कं संरक्षण तिला नाही, कायद्याच्या भाषेत ती गावाची खासगी मालमत्ता धरतात, पण वापर मात्र सगळ्यांना खुला. आणि वापर सार्वजनिक आहे हे कशावरून धरायचं, तर लोक चालतात यावरून. लोक चालायचे बंद झाले तर रीतसर चौकशी करून, लोकांच्या हरकती मागवून गाव ती विकू शकतं. शिवाय शेजारच्याने तीस वर्षं बिनबोभाट वापरली तर तो मालकी सांगू शकतो, जशी आपल्याकडे खासगी जमिनीला १२ वर्षं आणि सरकारी जमिनीला ३० वर्षं. थोडक्यात वाट मोडायला इथेही सगळी सोय आहे. २०२२ मध्ये कायद्यात एक चांगली दुरुस्ती झाली, गावाने आपल्या वाटांची मोजदाद करायचा ठराव केला की त्या काळात ही तीस वर्षांची घड्याळं थांबतात.

दुसरं म्हणजे रंगाचा डबा. खांबांवर, झाडांवर, भिंतीच्या कोपऱ्यावर तळहाताएवढे पट्टे दिसतात, वर पांढरा खाली लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट, तिला इथे जीआर म्हणतात (शासन निर्णय नव्हे!), पिवळा-लाल म्हणजे एखाद्या प्रदेशाला वळसा घालून येणारी, आणि नुसता पिवळा म्हणजे गावाभोवतीची, सकाळी निघून दुपारी जेवायला परत यायची. फुली दिसली तर तिकडे जायचं नाही, पट्ट्याखाली बाण दिसला तर वळायचं, संपलं, भाषा येवो न येवो. गानीलवरून जाते ती जीआर ३६. बूझिएसला तिला जीआर ६५१ येऊन मिळते, ती सेले नदीच्या खोऱ्यातून येते, स्पेनमधल्या सांतियागोला पायी जाणारे यात्रेकरू फिझाकहून काओरला जाताना कधी कधी पठार सोडून या खोऱ्याने येतात. पाठीवर शिंपला लटकवलेला असतो, त्यावरून ओळखायचं. त्याच रस्त्यावर काब्रेरेला पेश मेर्लची गुहा आहे, १९२२ मध्ये पोरांनी शोधली, आत ठिपक्यांचे घोडे काढलेत हजारो वर्षांपूर्वीचे, आणि ओल्या मातीत उमटलेला माणसाचा पाऊलठसा तसाच आहे. दिवसाला सातशेच माणसं सोडतात, तिकीट आधी काढा नाहीतर दारातून परत.

तर हे पट्टे कोण मारतं? मला वाटलं होतं वन खातं किंवा पर्यटन खातं असेल, नाही. १९४७ मध्ये युद्धानंतर एक समिती झाली, ज्यां ल्वाझो म्हणून आर्किटेक्ट होता त्याची कल्पना, लुआर नदीकाठी ऑर्लेआंजवळ पहिला टप्पा आखला. त्या समितीचा पुढे १९७८ मध्ये पदयात्रींचा राष्ट्रीय महासंघ झाला. आज देशभरात दीड लाखाहून जास्त किलोमीटर वाटांवर त्यांच्या खुणा आहेत, आणि रंग मारणारे सगळे स्वयंसेवक. बहुतेक माझ्याच वयाचे, पेन्शनवाले. एकदा पठारावर दोन आजोबा आणि एक आजी भेटल्या, कमरेला कात्री, हातात ब्रश, पुठ्ठ्याचा साचा आणि एक तारेचा घासणा, आधी झाडाची साल हळू साफ करायची मग रंग, काटे वाटेवर आले असतील तर छाटायचे. त्यांना यासाठी प्रशिक्षण असतं, ओळखपत्र असतं आणि प्रत्येकाला आपापला टप्पा नेमून दिलेला असतो. पगार विचारला तर हसायला लागले. आमच्या सौ.नी त्यांना चिवडा दिला, तो त्यांनी आधी वास घेऊन मग आवडीने खाल्ला.

तिसरी गोष्ट मात्र मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि ती कुठल्याच प्रवासवर्णनात नसते. १९८३ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्याने पायवाटांचा एक आराखडा करायचा असतो. गाव ठराव करून आपली वाट त्यात घालतं. एकदा घातली की मग गावाला ती विकायची किंवा बंद करायची असेल तर आधी दुसरी तशीच चालण्याजोगी वाट द्यावी लागते, सलगता तुटता कामा नये, नाहीतर तो व्यवहारच रद्द. बस. एवढ्या एका अटीमुळे सरपंचाच्या मेव्हण्याला वाट आपल्या शेतात घेता येत नाही. (सरपंचाचे मेव्हणे सगळ्या देशांत असतात असं माझं नोकरीतलं निरीक्षण आहे.) जिथे वाट खासगी जमिनीतून जाते तिथे मालकाशी लेखी करार करतात, आणि तो करार मालक मोडूही शकतो.

आता हे सगळं वाचून कोणाला वाटेल फ्रान्स म्हणजे स्वर्ग, तर तसं अजिबात नाही. युद्धानंतर शेती मोठ्या यंत्रांनी करायची म्हणून इथेही जमिनींचं एकत्रीकरण झालं, बांध आणि कुंपणं काढली, त्यात किती वाटा नांगराखाली गेल्या त्याची गणती नाही. पठारावर ते कमी झालं कारण नांगरायला मातीच नाही, उत्तरेकडच्या सपाट प्रदेशात जास्त. आणि अलीकडचं म्हणजे फेब्रुवारी २०२३ चा कायदा. मूळ उद्देश चांगला, जंगलात शिकारीसाठी उंच तारा मारून जनावरं कोंडायचे ते बंद करायचं, कुंपण १.२० मीटरपेक्षा उंच नको. पण त्याच कायद्यात दुसऱ्या हाताने असं घातलं की मालकाने पाटी लावली असेल तर खासगी रानात शिरणाऱ्याला दंड. लगेच आल्प्सकडे शार्त्रझच्या डोंगरात एका मोठ्या जमीनमालकाने पाट्या लावल्या, पिढ्यान्‌पिढ्या लोक जात होते ते बंद, मोर्चे निघाले, अजून धुसफूस चालू आहे. म्हणजे कागद चांगला असेल तर वाट राहते आणि कागद बदलला की जाते, माझा मुद्दा हाच आहे.

कोणाला खरंच जायचं असेल तर थोडं कामाचं सांगतो, पुरवणीत हे काहीच नव्हतं. जुलै-ऑगस्ट नको, मे-जून किंवा सप्टेंबर. दुपारी पठारावर सावली नाही, पाणी नाही, गावात हॉटेल बंद असलं तर सरळ कब्रस्तान शोधा, तिथे फुलांना पाणी घालायला नळ असतो आणि चालणारे सगळे तिथेच बाटल्या भरतात, फक्त नळावर पिण्याचं नाही अशी पाटी नाही ना ते बघायचं. आमच्या सौ. पहिल्यांदा तयारच नव्हत्या कब्रस्तानातलं पाणी प्यायला, ऊन लागल्यावर प्यायल्या. सप्टेंबर ते फेब्रुवारी शिकारीचा मोसम, रानडुकरांवर हाकारा घालतात, रस्त्यावर "शिकार चालू आहे" अशी पाटी दिसली तर तिकडे जाऊ नका, भडक केशरी काहीतरी अंगावर हवंच. गवतात गोचीड असतात, घरी आल्यावर अंग तपासा, त्यांच्यामुळे लाइम नावाचा आजार होतो. कुरणाचं फाटक उघडलं तर लावून घ्या. ओकची रांगेत लावलेली झाडं दिसली आणि पाटी असली तर आत शिरू नका, तो ट्रफलचा मळा असतो, जमिनीखाली उगवणारी ती महाग बुरशी, लालबांकला थंडीत दर मंगळवारी तिचा बाजार भरतो आणि तिथला भाव ऐकला की आपण मोडीत निघतो. शाकाहारी लोकांचे थोडे हाल आहेत, या भागात बदकाशिवाय कोणाचं पान हलत नाही, पण ऑम्लेट चालत असेल तर प्रश्न मिटला, नाहीतर बकरीच्या दुधाचं छोट्या चकतीसारखं रोकामादूरचं चीज, अक्रोड आणि सॅलड यावर पोट भरतं. नदीकाठच्या वाटेवर दरडीची भीती असली की ती बंद ठेवतात, आधी गावातल्या पर्यटन कार्यालयात विचारून घ्या.

आता आपल्याकडचं. संपादक साहेब, आपल्या प्रत्येक गावच्या नकाशात या वाटा आहेत हो! तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, त्याची रुंदीसुद्धा ठरलेली आहे, सव्वाआठ फूट. शिवरस्ते, पाणंदी, देवाच्या वाटा, वारीच्या वाटा, सगळं इंग्रजांच्या काळापासून मोजून ठेवलंय. पाणंद रस्त्यांच्या योजना येतात, पण त्या सगळ्या ट्रॅक्टर जाण्यासाठी, खडी आणि मुरूम टाकण्यासाठी, आणि ते हवंच आहे, शेतकऱ्याचा ऊस बाहेर निघायला पाहिजे याबद्दल वाद नाही. एकेरी तुटक रेघेचं मात्र कोणी नावच काढत नाही. ती ना शेतकऱ्याच्या कामाची राहिली ना मोजणीवाल्याच्या, कारण मोजणी मागायला अर्जदार लागतो आणि पायवाटेचा अर्जदार कोण? आमच्या स्वतःच्या गावात देवीच्या टेकडीला जाणारी अशी एक वाट होती, आज तिच्यावर विहीर आहे आणि विहीर आमच्याच भावकीतल्या माणसाची आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

माझी विनंती एवढीच की प्रवास पुरवणीत फ्रान्सच्या गावांचे फोटो जरूर छापा, पण जिल्ह्याच्या पानावर आठवड्याला एक गाव घ्या, त्याचा गावनकाशा काढा, वार्ताहराला त्या एकेरी रेघेवरून चालायला पाठवा आणि कुठपर्यंत जाता आलं ते छापा. पेन्शनर मंडळी भरपूर आहेत, रंगाचा डबा आम्ही आणू, पण आधी ग्रामसभेत ठराव व्हायला हवा आणि ठरावाला कायद्याचा आधार हवा, नाहीतर रंग मारलेला दगडच कोणीतरी उचलून बांधाला लावेल. आमच्या गावच्या नकाशाची नक्कल माझ्याकडे आहे, दिवाळीला परत येतोय तेव्हा कार्यालयात आणून देतो. भावकी चिडेल ते मी बघून घेईन.

आपला,
एक निवृत्त मोजणीदार
(सध्या मुक्काम तुलूझ)